विश्वाची चूल हलवणारा माणूस

राजाची गोष्ट सांगा म्हणता ना, मग आज राजाचीच सांगतो. पण आधीच बजावतो, हा राजा लढाईला जाणार नाही की राक्षस मारणार नाही. तो नुसता ऐकून घेणार आहे. सांगणारा दुसराच आहे.

इटलीच्या दक्षिण टोकाशी सिसिली नावाचं बेट आहे. तिथल्या सिराक्यूज शहरात इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात गेलॉन नावाचा राजा होता, बापाच्या बरोबरीने गादीवर बसलेला. आणि त्याच शहरात आर्किमिडीज राहत होता. हो, तोच, न्हाणीघरातून ओरडत पळालेला. ती गोष्ट शंभरदा ऐकवून झाली, आणि खरं सांगायचं तर तिच्यावर माझा फारसा विश्वासही नाही. त्यापेक्षा ही ऐका. हिला त्याच्या स्वतःच्या लिखाणाचा पुरावा आहे.

आर्किमिडीजने राजाला उद्देशून एक छोटंसं पुस्तक लिहिलं. विषय काय, तर वाळूचे कण मोजणं! लोक म्हणतात वाळूचे कण अगणित आहेत. मी म्हणतो, किनाऱ्यावरची वाळू सोडाच, अख्खं विश्व वाळूने काठोकाठ भरलं तरी त्यात किती कण मावतील ते मी मोजून दाखवतो. त्याने सुरुवात केली खसखशीपासून. खसखशीच्या एका दाण्याएवढ्या जागेत फार तर दहा हजार कण धरू, बोटाच्या रुंदीत खसखशीचे फार तर चाळीस दाणे धरू, असं करत करत तो वर चढत गेला. ग्रीकांकडे एवढ्या मोठ्या संख्यांना नावंच नव्हती, तर या पठ्ठ्याने नावं ठेवायची नवी पद्धतही तयार केली. शेवटी उत्तर आलं, ते असं: एकावर 63 शून्यं. त्याहून जास्त कण काही मावणार नाहीत.

थोरला लगेच विचारेल, पण विश्व केवढं आहे हे त्याला कुणी सांगितलं? बरोबर विचारलंस. इथेच आपली खरी गोष्ट सुरू होते. बहुतेक ज्योतिषी तेव्हा म्हणत, पृथ्वी मध्यभागी आहे आणि तिच्यापासून सूर्यापर्यंत जेवढं अंतर, तेवढी विश्वाची त्रिज्या. आर्किमिडीजला एवढ्याशा विश्वात गंमत वाटेना. पैज मारायचीच तर मोठ्यात मोठ्या विश्वावर मारावी. म्हणून तो राजाला सांगतो की सामोसच्या अरिस्टार्कसने काही गृहीतकं मांडली आहेत. त्याच्या मते तारे आणि सूर्य जागचे हलत नाहीत, पृथ्वी सूर्याभोवती वर्तुळात फिरते, आणि ताऱ्यांचा गोल इतका प्रचंड आहे की पृथ्वीच्या फिरण्याची अख्खी कक्षा त्याच्यापुढे बिंदूसारखी ठरते.

बस्स, एवढंच! अरिस्टार्कसचं मूळ पुस्तक कधीच नाहीसं झालं. सूर्य मध्ये आणि पृथ्वी भोवती, या विचाराची सगळ्यात जुनी ठाम नोंद आपल्याला सापडते ती या वाळू मोजायच्या पुस्तकात, तीही जाता जाता केलेली. आर्किमिडीजला ती कल्पना पटली होती असंही नाही. उलट, बिंदूला आकारच नसतो, तेव्हा त्याच्याशी कशाची तुलना करायची, म्हणून त्याने अरिस्टार्कसला गणिताचा एक चिमटाही काढलाय. त्याला हवं होतं ते मोठं विश्व, आणि ते या माणसाकडे मिळत होतं.

हा अरिस्टार्कस सामोस बेटावरचा, आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्याला लागून असलेल्या. पायथागोरसही तिथलाच. जन्म इसवी सनापूर्वी 310 च्या आसपास. इसवी सनापूर्वी 280 मध्ये सूर्य उत्तरेकडच्या टोकाला पोचून माघारी वळला, त्या दिवसाचा त्याने केलेला वेध पुढे टॉलेमी नावाच्या ज्योतिषाने नोंदवून ठेवलाय. म्हणजे हा नुसता कल्पना लढवणारा माणूस नव्हता, वेध घेणारा होता. त्याचं एकच पुस्तक आज शिल्लक आहे, सूर्य-चंद्रांचे आकार आणि अंतरं यांवरचं. त्यात सूर्य मध्यभागी असल्याचं चकार शब्दाने म्हटलेलं नाही. पण मला विचाराल तर गुपित त्याच पुस्तकात आहे. ते जरा सावकाश समजून घ्या.

अष्टमीला चंद्र अर्धा दिसतो. अर्धा का? कारण सूर्याचा उजेड त्याच्यावर अगदी बाजूने पडत असतो. म्हणजे त्या क्षणी तुम्ही, चंद्र आणि सूर्य मिळून एक त्रिकोण होतो, आणि त्याचा चंद्रापाशी असलेला कोन काटकोन असतो, बरोबर 90 अंशांचा. आता इथून चंद्र आणि सूर्य यांच्यातला कोन तेवढा मोजायचा. दोन कोन कळले की त्रिकोणाचा आकार कळला, आणि सूर्य चंद्राच्या किती पट लांब आहे तेही कळलं. ना दुर्बीण, ना अंतराळयान. अर्धा चंद्र, आणि तुम्ही शाळेत कुरकुरत शिकता ती भूमिती.

अरिस्टार्कसने हा कोन काटकोनापेक्षा त्याच्या तिसाव्या भागाने कमी धरला. ग्रीकांत तेव्हा अंश मोजायची पद्धत नव्हती, आपल्या भाषेत तो 87 अंश. त्यावरून त्याने सिद्ध केलं की सूर्य चंद्राच्या 18 पटींहून जास्त आणि 20 पटींहून कमी लांब आहे.

उत्तर साफ चुकलं. खरा कोन 89 अंश 51 कला इतका, काटकोनाला जवळजवळ चिकटलेला. त्यामुळे सूर्य चंद्राच्या 20 नाही, सुमारे 390 पट लांब आहे. पण हसू नका. चंद्र नेमका अर्धा होण्याचा क्षण आणि सूर्य-चंद्रांत बरोबर 90 अंश होण्याचा क्षण, यांत फरक असतो जेमतेम पाव तासाचा. अरिस्टार्कसच्या हिशेबाने तो सहा तासांचा होतो. चंद्रावरची उजेड-अंधाराची सीमा डोंगर-दऱ्यांमुळे दातेरी असते, आणि साध्या डोळ्यांनी ‘आत्ता बरोबर अर्धा’ असं पाव तासाच्या अचूकतेने कोण सांगेल? मापात तो चुकला, रीतीत नाही. मला विचाराल तर विज्ञानात रीत बरोबर असणं हेच जास्त मोलाचं. माप सुधारायला पुढची माणसं असतातच.

आता पुढची पायरी. खग्रास ग्रहणात चंद्र सूर्याला जवळजवळ तंतोतंत झाकतो. म्हणजे दोघे दिसायला सारखेच. सूर्य जर 18-20 पट लांब असूनही तेवढाच दिसत असेल, तर तो चंद्रापेक्षा 18-20 पट मोठा असला पाहिजे. आणि चंद्र पृथ्वीच्या मानाने केवढा? त्यासाठी चंद्रग्रहण. पृथ्वीची सावली चंद्राच्या दुप्पट रुंद धरून त्याने हिशेब केला, आणि सूर्याचा व्यास पृथ्वीच्या सहा-सात पट निघाला. आकारमान करून पाहिलंत तर सूर्यात सुमारे तीनशे पृथ्व्या मावतील. खरा आकडा तेरा लाखांच्या घरात आहे, पण तीनशेही काही थोडे नव्हेत!

ज्याच्या पोटात तीनशे पृथ्व्या मावतील असला गोळा या चिमुकल्या पृथ्वीभोवती रोज गरगर फिरतोय, हे त्याला खटकलं असणार. तिथूनच त्याच्या मनात उलटी मांडणी आली असावी, असा अनेक अभ्यासकांचा कयास आहे, आणि मला तो पटतो. पृथ्वी विश्वाच्या मध्यावर नाही, असं म्हणणारे त्याच्याआधीही होते. फिलोलाउस नावाचा ग्रीक तत्त्वज्ञ म्हणायचा, मध्यभागी एक अग्नी आहे आणि पृथ्वी, सूर्य सगळेच त्याच्याभोवती फिरतात. पण त्या अग्नीला कोणतंही माप चिकटलेलं नव्हतं. अरिस्टार्कसच्या सूर्याला ते होतं.

मग लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं का? छे. क्लिअँथीस नावाचा तत्त्वज्ञ म्हणाला, या माणसावर ग्रीकांनी अधर्माचा खटला भरला पाहिजे. गुन्हा काय, तर याने विश्वाची चूल जागेवरून हलवली! ग्रीकांच्या घरात चूल म्हणजे देवीचं ठाणं, घराचा पवित्र मध्य. पृथ्वी ही विश्वाची तशी चूल, आणि हा म्हणतो ती फिरते. ही हकीकत प्लुटार्क नावाच्या लेखकाने तीनेकशे वर्षांनी लिहून ठेवली. खटला खरोखर उभा राहिल्याची मात्र कुठेही नोंद नाही.

इथे गोष्ट सांगणारे बहुतेक लोक एक लबाडी करतात. एका बाजूला शहाणा अरिस्टार्कस, दुसऱ्या बाजूला सगळे मूर्ख, असं चित्र रंगवतात. तसं मुळीच नव्हतं. विरोधकांकडे एक सणसणीत प्रश्न होता. हाताचा अंगठा डोळ्यांसमोर धरा. आधी डावा डोळा मिटा, मग उजवा. अंगठा मागच्या भिंतीवर सरकल्यासारखा दिसतो ना? पृथ्वी जर सूर्याभोवती फिरत असेल, तर आपण जानेवारीत कक्षेच्या एका टोकाला आणि जुलैत दुसऱ्या टोकाला. मग जवळचे तारे लांबच्या ताऱ्यांसमोर असेच सरकायला हवेत. ते सरकत नाहीत. म्हणजे पृथ्वी फिरत नाही. या युक्तिवादात खोट काढून दाखवा बरं!

अरिस्टार्कसकडे उत्तर एकच होतं, की तारे इतके लांब आहेत की ते सरकणं दिसतच नाही. खरं उत्तर तेच होतं. पण ऐकणाऱ्याला ती पळवाट वाटली तर त्याला दोष कसा द्यायचा? ‘आहे, पण दिसत नाही’ असं तर भुताबद्दलही म्हणतात.

नंतर शंभरेक वर्षांनी टायग्रिसकाठच्या सेल्यूशियाचा सेल्यूकस तेवढा ठामपणे त्याच्या बाजूने उभा राहिलेला दिसतो. पुढे इसवी सन 150 च्या सुमारास अलेक्झांड्रियात टॉलेमीने ‘अल्माजेस्ट’ लिहिलं, पृथ्वी मध्ये ठेवून ग्रहांचं असं चोख गणित मांडलं की चौदाशे वर्षं त्याला कुणी हलवू शकलं नाही. टॉलेमीने एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केलीय. नुसत्या ताऱ्यांपुरतं पाहिलं तर पृथ्वी स्वतःभोवती फिरते असं मानणं सोपं पडेल, असं तो म्हणतो. पण मग ढग आणि उडती पाखरं मागे पडायला हवीत, म्हणून त्याने ती कल्पना सोडून दिली.

आपल्याकडे इसवी सन 499 मध्ये आर्यभटाने ती सोडली नाही. नावेत बसलेल्याला काठावरची झाडं मागे जाताना दिसतात, तसे स्थिर तारे आपल्याला पश्चिमेकडे जाताना दिसतात, असं त्याने लिहिलं. त्यावर वराहमिहिराने आणि मग ब्रह्मगुप्ताने त्याला धारेवर धरलं. हल्ली तुमच्या आईच्या मोबाइलवर संदेश येतात की सूर्यकेंद्री विश्वाचा शोध आर्यभटाने लावला. तो खोटा मान आर्यभटाला द्यायची काही गरज नाही. पृथ्वी स्वतःभोवती फिरते एवढं त्याने सांगितलं, आणि तेच पुरेसं मोठं आहे. सूर्याला त्याने मध्यभागी बसवलं नव्हतं. त्या दिशेने पाऊल टाकलं ते केरळच्या नीलकंठ सोमयाजीने. 1500 च्या सुमाराला त्याच्या गणितात पाच ग्रह सूर्याभोवती फिरतात, पण सूर्य त्यांना घेऊन पृथ्वीभोवती फिरतो. अर्धी वाट तो आला होता.

त्याच वेळी पोलंडमधला एक तरुण इटलीत कायदा आणि वैद्यक शिकत होता आणि रात्री आकाश पाहत होता. निकोलस कोपर्निकस, जन्म 1473, तोरून गावचा. मामा बिशप असल्याने पुढे बाल्टिक किनाऱ्यावरच्या फ्रॉमबोर्कच्या चर्चमध्ये त्याला कायमची नेमणूक मिळाली. काम चर्चच्या जमिनींचा हिशेब ठेवणं, आजाऱ्यांना औषध देणं. उरलेला वेळ ग्रहांना.

तुम्ही पंचांगात ‘मंगळ वक्री’ असं वाचलं असेल. साधारण दर सव्वीस महिन्यांनी मंगळ चालता चालता थांबतो, दोन-अडीच महिने उलटा चालतो आणि मग पुन्हा सुलटा. टॉलेमीने त्यासाठी वर्तुळावर वर्तुळ चढवलं होतं. कोपर्निकस म्हणाला, मंगळ उलटा जातच नाही. आतल्या कक्षेतून जोरात जाणारी पृथ्वी संथ मंगळाला मागे टाकते, तेव्हा तो मागे गेल्यासारखा वाटतो. सूर्याला मध्ये ठेवलं की आणखी एक गोष्ट आपोआप जुळून आली. बुध तीन महिन्यांच्या आत, शुक्र साडेसात महिन्यांत, पृथ्वी एका वर्षात, मंगळ दोन, गुरू बारा आणि शनी तीस वर्षांत फेरी मारतो. सूर्यापासून जितकं लांब तितकी फेरी मोठी. टॉलेमीच्या विश्वात ग्रहांना असा सक्तीचा क्रम नव्हता. कोपर्निकसचं विश्व त्याच्याहून अचूक नव्हतं, बरं का. त्यालाही वर्तुळावर वर्तुळं चढवावी लागलीच, आणि त्यातल्या काही युक्त्या इराणच्या मराग्यात आणि दमास्कसमध्ये मुसलमान ज्योतिषांनी आधीच वापरलेल्या होत्या. पण त्याचं विश्व एका धाग्यात ओवलेलं होतं.

एवढं सुचून त्याने काय केलं? काहीच नाही! 1514 च्या आधी एक छोटं टिपण हाताने लिहून ओळखीच्यांत फिरवलं, आणि मोठं पुस्तक वर्षानुवर्षं पेटीत ठेवलं. लोक हसतील याची त्याला भीती होती, तसं तो स्वतःच लिहितो. 1539 मध्ये रेटिकस नावाचा पंचवीस वर्षांचा जर्मन प्राध्यापक त्याच्या दारात येऊन थडकला. गुरू कॅथलिक, चेला प्रॉटेस्टंट, आणि बाहेर त्या दोन पंथांचं हाडवैर. तरी पोरगं चिवटपणे राहिलं आणि म्हाताऱ्याला राजी करून हस्तलिखित छापखान्याकडे घेऊन गेलं. 1543 मध्ये न्यूरेंबर्गला पुस्तक छापून झालं. त्यात ओसिआंडर नावाच्या धर्मोपदेशकाने, स्वतःचं नाव न घालता, एक प्रस्तावना घुसडली की हे सगळं गणिताच्या सोयीसाठी आहे, खरं मानायची गरज नाही. छापील प्रत हाती आली तो कोपर्निकसच्या आयुष्याचा शेवटचा दिवस होता, 24 मे, असं त्याच्या मित्राने पत्रात लिहून ठेवलंय. ती प्रस्तावना त्याने पाहिली असती, तर त्या दिवशीही उठून बसला असता.

आणि अरिस्टार्कस? कोपर्निकसच्या हातचं हस्तलिखित आजही क्राकूवच्या यागेलोनियन ग्रंथालयात आहे. त्यात पृथ्वीची गती मानणाऱ्यांमध्ये अरिस्टार्कसचं नाव लिहिलेलं आहे, आणि तो मजकूर खोडलेला आहे. छापील पुस्तकात ते वाक्य आलं नाही. काही जण म्हणतात, श्रेय लाटायला खोडलं. मला ते पटत नाही, कारण फिलोलाउस आणि इतर जुन्या ग्रीकांची नावं त्याने पोपला लिहिलेल्या अर्पणपत्रात ठळक घेतलीत. पण खोडायला नको होतं, एवढं मात्र खरं.

पुढचं तुम्ही शाळेत शिकला आहात, म्हणून भरभर सांगतो. केप्लरने 1609 मध्ये वर्तुळं मोडून लंबवर्तुळं आणली. गॅलिलिओने 1610 मध्ये दुर्बिणीतून शुक्राच्या कला पाहिल्या, तेव्हा निदान टॉलेमीचं विश्व तरी गेलं. 1616 मध्ये रोमने कोपर्निकसचं पुस्तक दुरुस्त होईपर्यंत थांबवून ठेवलं. पण तो अंगठ्याचा प्रश्न? तो तसाच होता. टायको ब्राहेसारखा साध्या डोळ्यांचा उस्ताद वेधकार थकला, एक तारा सरकलेला दिसला नाही.

तो सरकलेला दिसला 1838 मध्ये, फ्रॉमबोर्कपासून फार लांब नसलेल्या कोनिग्सबर्गला. फ्रीडरिश बेसेलने हंस तारकासमूहातला 61 क्रमांकाचा अंधूक तारा धरला आणि वर्षभराहून अधिक काळ त्याच्यावर नजर ठेवली. त्याने काढलेला कोन एका विकलेच्या तिसऱ्या भागाहूनही थोडा लहान. दहा रुपयांचं नाणं सतरा-अठरा किलोमीटरवर ठेवलं तर जेवढं दिसेल, तेवढा. आज आपण त्या ताऱ्याचं अंतर सुमारे साडेअकरा प्रकाशवर्षं मानतो, आणि तो आपल्या अगदी जवळच्या ताऱ्यांपैकी आहे. विरोधकांचा प्रश्न बरोबर होता, अरिस्टार्कसचं उत्तरही बरोबर होतं. मधे एकवीसशे वर्षं गेली.

आता धाकटीला झोप येतेय, तेव्हा एकच सांगतो. 1651 मध्ये बोलोन्यातल्या रिचोली नावाच्या जेझुइट पाद्र्याने चंद्राच्या नकाशावर नावं घातली. पृथ्वी फिरते या मताविरुद्ध त्याने त्याच ग्रंथात 77 मुद्दे मांडले होते. तरीही कोपर्निकस, केप्लर आणि अरिस्टार्कस ही नावं त्याने चंद्रावरच्या ठळक विवरांना दिली, फक्त तिघांनाही तिथल्या ‘वादळांचा महासागर’ नावाच्या भागात नेऊन टाकलं! शुद्ध त्रयोदशीपासून पौर्णिमेपर्यंत कुणाची दुर्बीण मिळाली तर मागून आणा आणि पाहा. कोपर्निकसचं विवर 93 किलोमीटर रुंद आहे, अरिस्टार्कसचं त्याच्या निम्म्याहून लहान. पण पृथ्वीवरून दिसणाऱ्या मोठ्या विवरांत सगळ्यात चकचकीत तेच आहे, शोधायला वेळ लागणार नाही.